तिसरा मऊ महिना

एका राज्यात दोनच ऋतू होते, उन्हाळा आणि हिवाळा; तिसरा मागायची कोणाची छाती नव्हती. अमावास्येला महिना बदलायचा, आणि जे घडेल तेच त्याचं नाव. गाई दिवसाला तीनदा दूध देत, तो तीनदुधी. मग वारा मऊ होई, ते दोन मऊ महिने. हिवाळ्याच्या तोंडाशी वैरण पुरणार नाही म्हणून पौर्णिमेला बैल कापत, तो रक्तमास. चंद्र फारच पुढं पळाला, की मागं खेचायला उन्हाळ्यात तिसरा मऊ महिना घालायचा.

ही मोजणी राजाच्या मासमोज्याकडं, ग्रिमाकडं. कापलेल्या प्रत्येक बैलाचं काळीज त्याच्या ताटात जाई. गडी जादूगार, खादाड, आणि दात दोनच.

एका रक्तमासाच्या शेवटच्या संध्याकाळी गवळ्याचा ओस्ला त्याला भर चौकात म्हणाला, "महिने मोजता, तेवढे दात मोजून दाखवा." लोक हसले. ग्रिमाही हसला, तेव्हा लोक थांबले.

"बारा महिने बैल हो. तेरावा लागला की माणूस."

धाकटी बहीण एब्बा शेजारीच होती. तिनं बोटांवर महिने मोजले. बारावा महिना म्हणजे पुढचा रक्तमास! माणूस व्हायच्या पंधरा दिवस आधीच ओस्लावर कुऱ्हाड पडणार. ओस्ला तिथंच बैल झाला, आणि त्याच्या शिंगाला ग्रिमाची लाल दोरी होती, कापायच्या बैलाची. ती सुटेना. शिवेबाहेर नेलं, की गळ्यापर्यंत उतरून आवळायची.

सुरुवातीला बैल रात्री "एब्बे" म्हणायचा. मग नुसतं "ए". मग नुसता हंबरायला लागला. खाटीक येता-जाता त्याचा पुठ्ठा थोपटायचा, आणि बैल खुशीत मान हलवायचा. एब्बाला त्याचीच जास्त भीती वाटायची.

तीनदुधी लागला. गाईनं दोनदा दूध दिलं, तिसऱ्यांदा आचळ कोरडं. गवतच बोटभर, दूध येणार कुठून? एब्बाच्या डोक्यात लख्ख पडलं: महिना आलाय, उन्हाळा आलाच नाही. चंद्र पळालाय, आणि ग्रिमा गप्प बसलाय. तिनं तडक दरबार गाठला आणि तिसरा मऊ महिना मागितला.

राजा सेनरेद म्हणाला, "तीन साक्षी आण. एक चार पायांचा, एक दोन पंखांचा, एक मुका."

चार पायांची गाय दारात बांधलेलीच होती. दोन पंखांची पाकोळी वळचणीला सापडली. ती म्हणाली, "माझं मातीचं घरटं अजून ओलं आहे, उन्हात वाळलेलं नाही. तुमचा महिना लबाड आहे." आणि राजाच्या खांद्यावर बसून तेच पुन्हा म्हणाली.

मुका साक्षी म्हणजे ग्रिमाची गाठींची दोरी, महिन्याला एक गाठ. ती त्याच्या घरात टांगलेली. एब्बा भर दुपारी शिरली. ग्रिमा जेवून घोरत होता. चारी भिंतींवर बैलांच्या कवट्या होत्या, आणि त्या श्वास घेत होत्या. ती आत आली तशा सगळ्या वळल्या.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

एब्बा म्हणाली, "बैलाची बहीण."

कवट्यांनी तोंडं मिटली. तिनं दोरी काढली, तोच ग्रिमा डोळे मिटूनच म्हणाला, "कोण आलंय?"

त्या बैलांची काळजं त्यानंच खाल्ली होती. एकही कवटी बोलली नाही.

राजानं गाठी मोजल्या. सदतीस महिने, म्हणजे तीन वर्षं उलटली होती, मध्ये एकही जादा नाही. त्यानं दवंडी दिली: यंदा तिसरा मऊ महिना. ग्रिमानं थयथयाट केला. पण त्याच्या शापातले महिने राजाच्या मोजणीचेच, ते त्याला फिरवता येईनात. राजानं मोजणी काढून पाकोळ्यांवर सोपवली आणि त्याला शिवेपार हाकललं.

रक्तमास महिनाभर पुढं सरला. बारा महिने त्याच्या आधीच भरले. अमावास्येच्या संध्याकाळी गोठ्यात लाल दोरीसकट कातडं गळालं आणि ओस्ला चाऱ्यात उघडा बसला होता. एब्बानं त्याच्यावर घोंगडी टाकली. तो बोलला नाही.

पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, बैलांना बाहेर काढायची हाळी आली. ओस्ला जेवता जेवता उठला आणि मान खाली घालून निघाला. एब्बानं उंबऱ्यात त्याचा हात घट्ट धरला.

"दादा, तुला नाही बोलावलं."

त्यानं वळून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "एब्बे." आणि परत येऊन ताटावर बसला.

त्या वर्षाला जसा एक महिना जादा मिळाला, तसा ऐकणाऱ्याच्या आयुष्यालाही मिळो.