जुनी रिंग

“यातला कुठला बसवू, बुवा?”

वामनने तीन ऑइल फिल्टर पोत्यावर ओळीने मांडले होते. बुवा जीपच्या चाकाला पाठ टेकून बसले होते.

“तू आणलंस. तूच सांग की.”

मठाची जीप म्हातारी झाली होती. तिचा मूळ फिल्टर आता कुठे मिळत नसे, त्याच्या जागी चालेल असा दुसरा शोधावा लागे. म्हणून वामन तालुक्याला जाऊन हे तीन घेऊन आला होता. दुकानदार तिन्हींबद्दल “बसतोय” म्हणाला होता. दुकानदार असंच म्हणतात.

वामनने एकेक उचलून दाखवला.

“हा उंचीला जास्त आहे, खाली दांडीला घासेल. ह्याचे आटे जुळतात, पण रबरी रिंग लहान आहे, तेल गळेल. आणि हा... आटे, रिंग, उंची, सगळं जुन्यासारखं. आत झडपही आहे. गाडी उभी राहिली तरी तेल खाली उतरणार नाही.”

“मग ह्योच बसीव.”

वामन हुशार होता. ते त्याला ठाऊक होतं. बुवांनाही ठाऊक आहे, याचा त्याला जास्त आनंद होता.

बुवांच्या डोळ्यांपुढं आता नुसतं धुकं होतं. उद्या ते धाकट्या बहिणीकडे कायमचे राहायला जाणार होते. मठ आणि जीप त्यांच्या शिष्याच्या, वामनच्या हाती यायची होती. डोंगरावरच्या वाड्यांना दुसरी गाडी नाही. आजारी माणूस खाली दवाखान्यात न्यायचा तर हीच. इतकी वर्षं ती बुवांनी चालवली. लोकांचा त्यांच्यावर जीव होता तो त्यामुळंच. प्रवचन त्यांचं यथातथाच असे.

जुनं तेल काळ्या धारेनं खालच्या घमेल्यात पडत होतं. वामन ते बघत राहिला.

“बुवा... एक विचारू?”

“विचार की.”

“लोक मला तुमच्या जागी का धरत नाहीत?”

बुवांनी धारेच्या आवाजाकडे कान लावला.

“परवा वरच्या वाडीतली कळा लागलेली बाई झोळीत घालून डोंगर उतरवली. ह्या दारावरून नेली. जीप इथं उभी होती, मी इथं उभा होतो. मी विचारलं, तर म्हणाले, बुवांना दिसत नाही, कशाला त्रास द्यायचा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही, बुवा. सुखरूप सुटली ती, पण रस्त्यात काही झालं असतं तर?”

त्याने घाईघाईने इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट बसवला, पाना लावून जुना फिल्टर सैल केला आणि फिरवून काढला.

“तू काय म्हनालास त्यास्नी?”

“तुम्ही म्हणता तेच. आलेला दिवस गोड मानावा. सगळं तुमच्यासारखंच करतो मी. तुम्ही बसता तिथं बसतो, तुमच्याच शब्दांत बोलतो...”

आणि तो खाकरला.

बुवांना जुना दमा होता. वामनची छाती ठणठणीत होती. तरी हल्ली तो दर दोन वाक्यांनंतर खाकरायचा. बुवांची कंबर धरायची म्हणून ते तिच्यावर हात ठेवून चालायचे, तर हाही तसाच चालायला लागला होता. यात ढोंग मुळीच नव्हतं. फार जीव लावला की माणसाचं असं होतं. पण बघणाऱ्याला ते बघवायचं नाही.

वामनने नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने तेल लावलं आणि फिल्टर हातानेच आवळला. पाना वापरला नाही. हेही बुवांनीच शिकवलेलं. मग त्याने नवं तेल ओतलं.

“सुरू कर,” बुवा म्हणाले.

इंजिन सुरू झालं. थोड्या वेळाने फिल्टरच्या कडेवरून एक थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

वामनने धावत जाऊन इंजिन बंद केलं. कान लाल झाले होते.

“फिल्टर खराब निघाला.”

“न्हाई.”

“मग पान्याने आवळतो.”

“आवळू नगंस. काढ.”

त्याने काढला. बुवांनी तो हातात घेतला, रिंगेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

“फिल्टर चांगला हाय. निवड बरूबर हाय तुझी.”

“मग गळतंय का?”

“जिथं बसीवलास ती जागा बघितलीस?”

“जागेचं काय बघायचं? जागा तीच आहे की.”

बुवा गुडघ्यांवर सरकत पुढे आले. त्यांनी वामनचा हात चाचपून धरला आणि त्याचं बोट इंजिनावर, फिल्टर टेकतो त्या गोल जागेवर ठेवलं. मग ते बोट हळूहळू फिरवलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तसं.

बोटाखाली काहीतरी मऊ लागलं.

जुन्या फिल्टरची रिंग होती. फिल्टर निघाला, पण ती इंजिनालाच चिकटून राहिली होती. काळ्यावर काळी, डोळ्यांना दिसली नव्हती. वामनने नवी रिंग तिच्यावरच नेऊन बसवली होती, आणि दोन्हींच्या मधून तेल गळत होतं.

वामन तिच्याखाली नख घालून ओढायला लागला.

“हळू रं,” बुवा म्हणाले. “लई तेल धरलंय तिनं.”

वामनचं नख थांबलं. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा दुसरीकडेच बघत होते, दिसत नव्हतं तरी.

मग त्याने रिंग हळू, कडेकडेने सोडवली. जागा फडक्याने पुसून कोरडी केली. तोच फिल्टर पुन्हा लावला, सांडलं तेवढं तेल भरलं आणि गाडी सुरू केली. दोघेही वाट बघत राहिले. थेंब पडला नाही.

तेवढ्यात वरच्या वाडीचा रामा शेडगे पायवाटेने धापा टाकत उतरला आणि बुवांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

“बुवा, आय पडलीया. पाय लई सुजलाय, उभी ऱ्हाईना. काय करू?”

बुवांनी मान खाली घातली आणि ते फडक्याला हात पुसत बसले.

रामाने गोंधळून वामनकडे पाहिलं.

वामनचा हात कमरेकडे गेला. घशाशी खाकरणं आलं... ते त्याने गिळलं. मग तो त्याच्या स्वतःच्या, जरा घाईच्या आवाजात बोलला.

“रामभाऊ, आईंना उगाच हलवायचं नाही. पोचलो की पाय सरळ ठेवू, खाली घडी घातलेलं घोंगडं देऊ. मी गाडी वर आणतो. मला वरचं वळण नीट माहीत नाही, तुम्ही शेजारी बसून सांगा. चालेल?”

रामा त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस इथंच राहत होता, पण याला आपण आजच बघतोय, असं त्याला वाटलं असावं.

“चला की,” तो म्हणाला, आणि जीपमध्ये जाऊन बसला.

वामन गाडीपर्यंत गेला आणि परत आला. बुवांसमोर बसून त्याने मूठ उघडली. तळव्यावर जुनी रिंग होती, चपटी झालेली, काळी. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

“बुवा... ही टाकवत नाही मला.”

बुवांनी रिंग चाचपली आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

“खिशात ठिव, बाळा. जागेवर नगं.”