आपापल्या वाट्याचा बांध

टिटवी सांगत होती ते कुणी खरं मानलं नाही. आजही मानत नाहीत.

त्या खाडीच्या काठी मातीचा एक बांध होता. बांधाबाहेर खारं पाणी, आत गोडं, आणि गोड्या पाण्याच्या कडेनं कुर्ल्यांचं गाव. रीत अशी, की प्रत्येक घरानं बांधाचा आपापला वाटा सांभाळायचा, उधाणाआधी त्यावर चिखल चढवायचा. ज्या घरचा वाटा उंच, त्या घरचा मान मोठा.

तांबडीचा वाटा सगळ्यांत उंच होता. शेजारच्या काळीला ते बघवत नसे. तांबडीच्या पिल्लांनी धरलेलं बाळसं बघवत नसे, तिचं हसणंसुद्धा नाही. त्यात तांबडी जाता-येता बोलायची, "काळे, तुझा बांध आहे की बसलेली म्हैस गं?" बाया खिदळायच्या. काळी घरी येऊन नांगीनं नांगी कुरतडत बसायची.

मग एका ओहोटीला, भर दुपारी गाव बिळांत निजलेलं असताना, काळी बाहेरच्या अंगानं गेली. तांबडीच्या वाट्याचा पायथा उकरला आणि तो चिखल आपल्या बांधाच्या माथ्यावर थापला. वरून कुणाला काय दिसणार? दिसली ती उंची. ती तांबडीला झोंबली. तिनं पलीकडच्या म्हातारीच्या पायथ्याला नांगी घातली, म्हातारीनं तिच्या पलीकडच्या. होता होता बांध असा देखणा झाला, की परगावचे खेकडे बघायला येऊ लागले.

टिटवीची अंडी बांधाच्या उतारावर होती. तिला सगळं दिसत होतं. ती ओरडली, "अगं बायांनो, खालून पोकळ केलात! माझी अंडी नि तुमची पोरं एकाच पाण्यात जातील!"

काळी म्हणाली, "हिचं तोंडच अभद्र. स्वतःला वीतभर बांध नाही, म्हणून आमचा डोळ्यांत सलतो."

तांबडीनं जन्मात पहिल्यांदा काळीला होकार भरला.

पुनवेचं उधाण आलं. माथ्यावरून थेंबही आला नाही. माथे ताठ उभे राहिले आणि खालून खाडी आत शिरली. मग माथे बसले. आधी अंडी गेली. मागोमाग गोडं पाणी, बिळं, पिल्लं.

आता तिथे तिवरं माजली आहेत. एका मुळाशी काळी राहते, समोरच्या मुळाशी तांबडी. ओहोटी लागली की दोघी आपल्या बिळाच्या तोंडाशी चिखल थापत बसतात, डोळे मात्र दुसरीच्या ढिगावर. नवी पिल्लं विचारतात, "गाव कुणी बुडवलं?"

नांग्या थांबत नाहीत. दोघी एकदम म्हणतात, "त्या मेल्या टिटवीनं."