बोटाखालची ओळ

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, एका उंच डोंगरावर एक गाव होतं. बाळगोपाळांनो, आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, त्या गावाला भक्कम तटबंदी होती आणि आत यायला एकच वेस होती. गावात येशूला मानणारी माणसं राहत. देऊळघराच्या ओट्यावर एक मोठं बायबल ठेवलेलं असे. ते उघडायचा मान गावच्या पाटलांचा.

शमुवेल पाटील माणूस चांगला होता, देवभीरूही होता. पण त्यांची वाचायची रीत निराळी होती. एरवी ते पुस्तक झाकलेलंच असे. काही अडलं की पाटील डोळे मिटून कुठलंही पान उघडत, एका ओळीवर बोट ठेवत आणि म्हणत, "देवाने सांगितलं!" त्यावर कुणी बोलत नसे.

त्याच गावात तबीथाबाई नावाची एक विधवा होती. चणे-फुटाणे भाजून विकायची. पन्नाशी उलटल्यावर गावच्या मास्तरांकडून ती अक्षरं शिकली आणि त्यांनीच दिलेलं एक जुनं बायबल रोज वाचू लागली. सकाळी भट्टी पेटवायची आणि कढईतली वाळू तापेपर्यंत वाचायचं, एवढाच तिचा वेळ. तेवढ्यात अर्धं पान व्हायचं, कधी तेवढंही नाही.

पहिल्या वर्षी ती मास्तरांकडे कुरकुरत गेली होती. "मास्तर, नुसती नावंच नावं आलीत. ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा. मी काय करू त्यांचं?"

"वाचा," मास्तर म्हणाले. "कंटाळा आला तर कंटाळत वाचा. पण सोडू नका."

तिने सोडलं नाही. पहिल्यांदा सगळं वाचून संपायला बारा वर्षं लागली. संपलं त्या दिवशी तिने पुन्हा पहिलं पान उघडलं.

तिच्यात काय बदललं ते तिला सांगता आलं नसतं. शेजाऱ्यांना मात्र सांगता आलं असतं. पूर्वी तिच्या तोंडाला सारी आळी घाबरायची. कोंबडी अंगणात शिरली तरी ती तासभर भांडायची. आताही ती फटकळच होती, पण भांडण सूर्य मावळायच्या आत मिटवून टाकायची आणि चुकली तर चुकले म्हणायची.

एका हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात नदीला अवेळी पूर आला. घरं गेली, आणि पाठोपाठ ताप आला. चाळीसएक माणसं डोंगर चढून वेशीशी आली. म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या. काहींना इतका ताप होता की चालता येत नव्हतं, त्यांना इतरांनी पाठीवर आणलं होतं.

"आत घ्या हो!" बाहेरून आवाज आला. "वारा फार आहे. पोरं गारठलीत."

गाव वेशीजवळ गोळा झालं. लोक घाबरले होते, आणि उगीच घाबरले नव्हते. पाटलांची बायको अशाच एका तापात गेली होती. त्यांना ते दिवस आठवले. त्यांनी ओट्यावरचं बायबल आणवलं.

डोळे मिटून त्यांनी पान उघडलं. वंशावळ निघाली. त्यांनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं, बोट ठेवलं, मनातल्या मनात वाचलं आणि घाईघाईने पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"ऐका रे! नोहा तारवात गेल्यावर परमेश्वराने दार लावून घेतलं. देवाने सांगितलं! वेस बंद राहील."

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात तबीथाबाई पुढे झाली.

"पाटील, थोडं मागचं वाचा."

"तबीथाबाई, देवाच्या वचनापुढे बोलू नका."

"वचनाबद्दलच बोलतेय. ती गोष्ट मी वाचलीय. महापुराआधी देवाने नोहाला तारू बांधायला सांगितलं, घरच्यांना आणि जनावरांच्या जोड्यांना आत घ्यायला सांगितलं. दार लावायला सांगितलं नाही. ते त्याने स्वतःच्या हाती ठेवलं. तुम्ही त्याचं काम कशाला करता?"

गर्दीत चुळबुळ झाली. पाटलांना राग आला. "एवढं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. रोज थोडं थोडं वाचत गेले. अब्राहाम भर उन्हात तिघा अनोळखी वाटसरूंमागे धावला, ते वाचलं. दुष्काळात एका विधवेने उरल्यासुरल्या पिठाची भाकर परक्याला दिली, ते वाचलं. प्रभूच्या आईला उतारशाळेत जागा मिळाली नाही, तेही वाचलं. दाराशी आलेल्याला घालवून दिलं आणि देव खूश झाला, असं काही मला सापडलं नाही." ती जरा थांबली. "आणि पाटील, दुसऱ्यांदा काय निघालं होतं?"

बाहेर एक मूल खोकत होतं.

"परक्याला आपल्यातलाच समजा, असं होतं," पाटील हळूच म्हणाले. "पण बाई, मी एकदा ताप पाहिलाय. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी वेस उघडू नका. मला बाहेर सोडा."

वेशीच्या दारातली छोटी दिंडी उघडली. तबीथाबाई दोन घोंगड्या, एक हंडा आणि गुळाची ढेप घेऊन बाहेर गेली. मागून दिंडी लागली. पण पाय मागे वळले नाहीत. ज्याच्या भरवशावर ती निघाली होती, त्याची ओळख आजची नव्हती.

वेशीबाहेर खळ्याजवळ गावाची रिकामी कोठी होती. तिने आजाऱ्यांना तिथे निजवलं, बाकीच्यांना वेगळं बसवलं, तीन दगडांची चूल मांडली. दुसऱ्या दिवशी दिंडीतून दुधाचं भांडं सरकलं. मग पांघरुणं आली. तिसऱ्या दिवशी दिंडी उघडून पाटील स्वतः बाहेर आले, खांद्यावर सरपणाचा भारा घेऊन.

"काय करू, सांगा," ते म्हणाले.

"पाणी उकळा," तबीथाबाई म्हणाली.

तो ताप महिनाभर चालला. चाळिसातले चौघे गेले, बाकीचे वाचले. तबीथाबाईलाही तापाने गाठलं. नऊ दिवस तिला शुद्ध नव्हती, आणि उठली तेव्हा एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. पुढे गावातही सातआठ घरांत ताप शिरला. तेव्हा खोऱ्यातल्या बायाच न बोलावता घराघरांत गेल्या. ताप कसा उतरवायचा, कुणाला काय पाजायचं, हे त्या आता जाणत होत्या. गावातलं एकही माणूस दगावलं नाही. ती माणसं मग परत गेलीच नाहीत. तटबंदीच्या आत त्यांची नवी आळी वसली.

एके सकाळी पाटील तबीथाबाईच्या भट्टीपाशी आले आणि तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले.

"मला वाचायचंय," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"मग रोज यायचं. जड गेलेलं पान सोडायचं नाही. आणि डोळे उघडे ठेवायचे."

पाटील हसले. मग दोघांनी वाचायला घेतलं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: अडल्यावेळी उघडलेलं वचन आपण आपल्या मनासारखं वळवतो, पण रोज वाचलेलं वचन आपल्यालाच देवाकडे वळवतं.