लेकुरवाळीचं बेट

दिवस कासराभर वर आला होता, त्या घटकेला हे सगळं सुरू झालं, असं सांगतात. त्याची आठवण ठेवून वेळसुऱ्याच्या पाणथळीत लव्हाळा कापायला बायका त्याच घटकेला उतरतात. मधल्या उंचवट्यावर लव्हाळ्याचं एक बेट उभं दिसतं ना, त्याला मात्र कोणी विळा लावत नाही. त्याच्यावर जोंधळ्याएवढ्या गोगलगायी राहतात. राहतात पाणथळीत, पण पाण्यात बुडाल्या तर मरतात.

पूर्वी इथे चटया विणणाऱ्या बायका आधी काठीने लव्हाळा झोडपून घेत. गोगलगायी खाली पडल्या की मग कापणी. नाहीतर शंख चटईत अडकतात नि पाठीला टोचतात.

त्यांत सगुणा नावाची एक लेकुरवाळी होती. पहिलं मूल दगावलेलं, दुसरं तीन महिन्यांचं. चार काड्या कापल्या की ती उठून त्याचा श्वास बघून यायची. त्या दिवशी बाळाला उंचवट्यावर निजवलं होतं, म्हणून तिथलं बेट तिने झोडपलंच नाही.

नणंद भिकूबाई म्हणाली, "झोडप की गं. गोगलगायी विणणार आहेस का चटईत?"

"आत्ता डोळा लागलाय त्याचा, वन्सं."

"जगात तुलाच पोर झालंय."

थोड्या वेळाने सगुणा पुन्हा बाळाला बघायला गेली. बुंध्याशी ओल्या पाचोळ्यात असणाऱ्या गोगलगायी एकामागे एक शेंड्याला चालल्या होत्या. शेंड्यावर जागा उरली नव्हती, तरी खालच्या थांबेनात. बाकीचा लव्हाळा झोडपलेला, त्यामुळे हे दुसऱ्या कोणाला दिसलंच नाही. आभाळ तर स्वच्छ होतं. पण ह्या पाण्याला भिऊन तर चढत नाहीत ना, असं तिला वाटलं. तिने बाळ उचललं नि तडक वरचा बांध गाठला.

"अगं, गोगलगायीला भिऊन पळालीस?" भिकूबाई खालून ओरडली. सगुणा काही खाली येईना. तेव्हा तिला दंडाला धरून आणायला भिकूबाई तणतणत वर चढली. आणि नणंद-भावजयीचं भांडण चुकायला नको म्हणून बाकीच्या बायकाही मागोमाग चढल्या.

शेवटची बाई बांधावर पोचते न पोचते, तोच पाणथळीतून जाणारा ओढा फुगून आला. वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता म्हणे. उंचवटा बुडाला, बाळाखालची चटई वाहून गेली. पाण्यावर फक्त त्या बेटाचे शेंडे राहिले, गोगलगायींनी काळे झालेले.

भिकूबाईने बाळाला आपल्या पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "घाबरट म्हणत होते तुला. आता रोज घाबर बाई, आणि आम्हाला सांग."

आजही इथल्या बायका पाणथळीत उतरल्या की आधी ते बेट बघतात. गोगलगायी बुंध्याशी असल्या तरच लेकरू खाली ठेवतात. तुमच्याकडेही ओढ्याकाठी लेकरू घेऊन कामाला जाणारी कुणी असेल, तर तिला एवढं जरूर सांगा.