दहा काचा आणि जांभळा ठसा

ऐका ना, खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात दर वर्षी हिवताप यायचा. मग राजवैद्य आजाऱ्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरायचे, त्यावर रंग टाकायचे आणि स्फटिकाच्या भिंगातून बघायचे. रंग चांगला असला की पेशी फिक्या गुलाबी व्हायच्या आणि त्यांच्यात लपलेला ताप जांभळ्या ठिपक्यांसारखा उठून दिसायचा. ठिपका दिसला की काढा. नाही दिसला की, "जा बाबा घरी, धडधाकट आहेस." म्हणजे बघा हं, सगळा खेळ त्या रंगावर!

आणि हा रंग निवडायचे कसे, माहितीये? दरबारात पांढरं लुगडं पसरायचे आणि त्यावर रंग ओतायचे. ज्याचा डाग सगळ्यात झगझगीत, तो जिंकला! निवडणारे रंगारीच ना सगळे, जन्मभर लुगडी रंगवलेली. रक्त म्हणजे लुगडं नव्हे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आलं फक्त एका बाईच्या. ती रंगांची पारखीण. काचांवर धूळ बसू नये म्हणून तिची खोपी गावापासून लांब, उघड्या टेकडीवर होती. तिकडे कुणी फिरकायचंच नाही. दिवसच्या दिवस वाऱ्याशिवाय आवाज नाही. कधीकधी ती स्वतःचंच नाव मोठ्याने घ्यायची, आवाज शाबूत आहे ना ते बघायला.

फक्त दर गुरुवारी तिची मैत्रीण वर यायची. ही रंगारीण. कोपरापर्यंत जांभळे हात आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. "काय गं ए घुबडे, जिवंत आहेस का?" असं अर्ध्या वाटेतूनच ओरडायची. मग भाकरी, ठेचा आणि पोट दुखेपर्यंत हसणं. त्या एका दिवसावर पारखीण बाकीचे सहा दिवस काढायची.

एका वर्षी भलतंच झालं. धडधाकट म्हणून घरी पाठवलेली माणसं पटापट मरायला लागली. वैद्य म्हणाले, "रंग खराब आहे." रंगारी म्हणाले, "वैद्यबुवांचे डोळे गेलेत." राजाने पारखिणीला विचारलं, "खरं काय ते तू सांग."

पारखिणीने वीस दोरे घेतले, फिक्या गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत, आणि प्रत्येकाला आकडा दिला. एकाच आजाऱ्याचं रक्त दहा काचांवर पसरलं. राज्यातल्या दहाही रंगांच्या कुप्यांवरच्या रंगाऱ्यांच्या खुणा तिने आधी दुसऱ्याकडून कागदाने झाकून घेतल्या. मग एकेका काचेवर एकेक रंग टाकून ठिपका कुठल्या दोऱ्याशी जुळतो आणि पेशी कुठल्या दोऱ्याशी, ते पाहिलं. दोन आकड्यांत अंतर जितकं जास्त, तितका रंग चांगला. बस. झगझगीतपणाला काही किंमत नाही.

एका काचेवर अंतर चौदा आलं. वा! आणि एका काचेवर ठिपका अठरा, पेशी सतरा. सगळंच जांभळं. अंतर एक!

तिने त्या कुपीवरचा कागद काढला. खाली जांभळ्या अंगठ्याचा ठसा होता. मैत्रिणीचा. वैद्य वर्षभर हाच रंग वापरत होते.

तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. एकच.

बघणारं तिथं कुणी नव्हतं. दोन काचांची अदलाबदल केली असती, तर सगळं वैद्यांच्या डोळ्यांवर गेलं असतं आणि गुरुवार शिल्लक राहिला असता.

गुरुवारी मैत्रीण आली. "घुबडे, तोंड का असं?"

"तुझा रंग दहात शेवटचा आलाय."

"चल, काहीतरीच! दरबारात माझा डाग बघून सगळ्यांचे डोळे दिपले होते."

"लुगड्यावर गं. रक्तावर ठिपकाच दिसत नाही."

मैत्रीण हळूच म्हणाली, "नको सांगूस ना. मी सोडून तुला आहे तरी कोण?"

"कोणी नाही," पारखीण म्हणाली. "म्हणून तर तुला आधी सांगितलं."

मैत्रिणीने भाकरीचं फडकं उचललं आणि उतरून गेली. ठेचा तेवढा राहिला.

पारखिणीने दरबारात खरे आकडे सांगितले. रंग बदलला, ठिपके दिसायला लागले, माणसं वाचली. पण "बरं केलंस हो" म्हणायला टेकडी चढून कोण येणार? गुरुवार येत राहिले, जात राहिले. ती सवयीने दोन ताटल्या मांडायची आणि एक उचलून ठेवायची. असं अख्खं वर्ष.

मग एका गुरुवारी पावलं वाजली. हाक मात्र नाही. दारात मैत्रीण उभी.

"आईला ताप आला होता," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या रंगात ठिपके दिसले. वाचली." मग तिने एक कुपी पुढे केली. त्यावर ना नाव, ना ठसा. "हा रंग मापून बघ."

पारखिणीने मापलं. "सात."

"सातच? अगं बये, वर्षभर हात झिजवलेत!"

"सातच."

मैत्रीण मटकन बसली आणि तिने भाकरीचं फडकं सोडलं. "आणि या ठेच्याचा आकडा किती गं, घुबडे?"

पारखिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अजून तर तिने ठेचा चाखलाही नव्हता.

"वीस," ती म्हणाली.

तर मंडळी, छोटी असा नाहीतर मोठी, एवढं लक्षात ठेवा: माया माणसावर करावी, मापाला मात्र माणसाचं नाव दाखवू नये.