चौथा खांब

एकदा एका व्यापाऱ्याच्या बागेतले दहा दिवे लागेनासे झाले. दिवे उत्तम होते, त्यांचे लोखंडी खांब नुकतेच रंगवलेले होते. पण बागेचा स्विच दाबला की मीटरच्या पेटीतलं सुरक्षेचं बटण खाडकन खाली पडे आणि बागेसकट सारं घर बंद होई. त्याच संध्याकाळी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. व्यापाऱ्याने गावातल्या वृद्ध वायरमनला निरोप धाडला.

या वृद्धाला सगळे वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली दोन भाऊ शिकत होते. थोरला, रावसाहेब, दोन महिन्यांपूर्वी गेला. याच बागेत, याच दिव्यांचं काम करताना, विजेचा धक्का बसून. सारखं पडतं म्हणून ते बटण कुणीतरी मधून काढून टाकलं होतं आणि तारा थेट जोडल्या होत्या. रावसाहेबाला हे कुणी सांगितलं नव्हतं. बटण आहे या भरवशावर त्याने खांबाला हात घातला. चौकशी झाली तेव्हा बटण पुन्हा बसवलं गेलं. रावसाहेब तेवढा पुन्हा येणार नव्हता.

धाकटा मल्लू उरला. चौथीत शाळा सोडलेला, तोंडाने फटकळ, आणि अलीकडे तर कुणी ‘जेवलास का’ विचारलं तरी अंगावर जाणारा.

“तू येऊ नकोस आज,” वस्ताद म्हणाले.

“का? मी काय शेठला खाणार आहे?” म्हणत मल्लूने हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली.

व्यापारी ओसरीवरच उभा होता. “वस्ताद, दोष कुठं आहे ते उद्या शोधा. मला आज दिवे हवेत. ते बटण मधून काढा आणि डायरेक्ट करून द्या. पाच मिनिटांचं काम.”

“शेठ, या बागेत माणूस गेलाय.”

“अहो, त्या पोराचे हात ओले असणार. स्वतःच्या हयगयीनं गेला, आणि पोलिसांच्या चकरा मला!”

समोरच्या पोराचा चेहरा गेलेल्या पोरासारखा आहे, हे व्यापाऱ्याच्या ध्यानातही आलं नाही. मल्लूने पिशवीतून टेस्टर काढला.

“करतो डायरेक्ट,” तो म्हणाला. “आत्ता करतो.”

वस्ताद रागावतील, हातातला टेस्टर काढून घेतील, असं त्याला वाटलं. त्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, पायातल्या वहाणा काढून पायरीशी ठेवल्या आणि ते बागेत उतरले.

मल्लूने पेटी उघडली. तारा सोडवताना त्याच्या डोक्यात एकच घोकणी चालली होती. जळू देत दिवे. लागू दे एक दिवस शेठचाच हात. याच्या दारात मांडवाऐवजी तिरडी दिसू दे, म्हणजे कळेल हयगय कशाला म्हणतात. त्याने तारा जोडल्या, स्विच दाबला. भर दुपारी दहाच्या दहा दिवे लागले.

“बघा! उगाच शास्त्र सांगत बसतात,” व्यापारी खूश होऊन आत गेला.

बागेतून हसण्याचा आवाज आला म्हणून मल्लूने मान वळवली. वस्तादांनी माळीणबाईच्या हातातली पाण्याची नळी घेतली होती आणि ते अनवाणी, घोटाभर चिखलात, झाडांना पाणी घालत चालले होते.

“आजोबा, द्या हिकडं,” माळीणबाई हसत होती. “चिखलात घसरून पडला तर माझ्या जिवाला घोर.”

“तू रोज कसं करतेस, ते सांग.”

“त्यात काय सांगायचं? सांजच्याला पाणी घालते. आळ्यात एक पाय ठिवायचा, खांबाला धरायचं आन् वाकायचं. न्हाईतर त्या पल्याडच्या मोगऱ्याला पाणी पोचत न्हाई.”

“या खांबाला?”

“ह्याच. मी येऊन महिनाच झाला, आजपातुर दिवा काय लागल्याला बघितला न्हाई, पर हा खांब लई उपेगी बघा.”

तो चौथा खांब होता. रावसाहेब त्याच खांबाशी सापडला होता, आणि महिन्यापूर्वी कामाला लागलेल्या बाईला हेही कुणी सांगितलं नव्हतं.

वस्तादांनी एक पाय आळ्यात ठेवला आणि हात पुढे केला.

“वस्ताद!” मल्लू ओरडला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. दिवे विझले. वस्तादांचा हात खांबापासून वीतभर अंतरावर होता. मल्लू धावत गेला आणि त्यांना दोन्ही हातांनी धरून हलवू लागला. “म्हातारपणी वेड लागलं का तुम्हाला? मेला असता! मेला असता आत्ता!”

“तू कुणाला मारायला निघाला होतास?” वस्तादांनी विचारलं.

मल्लूने ओसरीकडे बोट दाखवलं.

“शेठ बूट घालून दिवाणखान्यात बसतो, मल्लू. तो या खांबाला कधी हात लावणार? हात लागेल तो हिचा. दोष ज्याचा आहे त्याला वीज शोधत बसत नाही. ज्याचे पाय ओले, त्याच्यातून जाते. म्हणून ते बटण आहे. घरातून जेवढी वीज गेली तेवढी परत आली का, एवढंच ते बघतं. जराशी कमी आली, तरी सगळं घर अंधारात टाकतं. त्याच्यापुढं शेठ नाही, गडी नाही.”

मल्लूचा आवाज फाटला. “माणसांना का नाही असं जमत? दादा परत आला नाही वस्ताद. दुसऱ्या दिवशी याच्या घरात दिवे होते, टीव्ही चालू होता. मी रस्त्यावरून बघितलंय.”

वस्तादांनी आळ्यातला पाय बाहेर घेतला. “माणसांना जमत नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच पेटीत बटण बसवावं लागतं.”

मल्लूने बटण पुन्हा जागच्या जागी जोडलं. मग एकेका खांबाची तार सोडवून त्याने परीक्षा केली. चौथ्याची तार लागली की बटण पडे. ती सोडली की ठाम उभं राही. मेन बंद करून तो चौथ्या खांबाशी बसला. झाकणाला चार स्क्रू असायला हवे होते. दोनच होते. उरलेले दोन काढून कुणाचा हात तिथंच थांबला, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन महिन्यांत खांबाला रंग लागला होता, पण झाकण कुणी उघडलं नव्हतं.

त्याने राहिलेले दोन काढले. आत पाणी साचलं होतं, आणि झाकणाच्या कडेखाली चेमटलेल्या तारेचं तांबं नखाएवढं उघडं पडून खांबाच्या लोखंडाला टेकलं होतं.

आवाज ऐकून व्यापारी बाहेर आला. “अरे, पुन्हा काय खोललंत? आणि हा दिवा?”

“हा आज लागणार नाही. नवा बसवावा लागेल.”

“नऊ उजळलेले आणि मध्येच एक काळा? पाहुणे विचारतील ना!”

“विचारलं तर सांगा,” मल्लू म्हणाला, “तिथं माझा भाऊ मेला.”

व्यापाऱ्याने प्रथमच त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग तो आत गेला.

माळीणबाई नळी हातात धरून लांबच उभी होती. तिचं हसू कधीच मावळलं होतं. “बाळा,” तिने हळूच विचारलं, “बाकीच्या खांबास्नी हात लावला तर चालंल न्हवं?”

“थांबा मावशी,” मल्लू म्हणाला. त्याने पिशवी उचलली आणि पहिल्या खांबाशी जाऊन त्याचा पहिला स्क्रू सैल केला.