फळ्यावरचा लंब

“फळ्यावर मी सोडवलेलं प्रत्येक गणित मुलांना कळतं. मग परीक्षेत त्यांचा हात का अडतो, गुरुजी?”

हेरंब टोळे याची शिकवणी चिपळुणात नावाजलेली. गणिताचा एकही प्रकार आपण शिकवायचा बाकी ठेवला नाही, असे तो मान ताठ करून सांगे. तरी पूर्वपरीक्षेत भूमितीचा एक अनोळखी प्रश्न आला आणि त्याच्या चाळीसांपैकी एकतीस मुलांनी तो कोरा सोडला. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर येऊन ठेपली होती. पालकांना तोंड कसे दाखवावे, हे त्याला उमजेना. म्हणून ज्यांच्यापाशी तो स्वतः गणित शिकला, त्या मुणगेकर गुरुजींच्या ओटीवर तो आला होता.



समोर फळ्यापाशी दहावीतली रेवती एका त्रिकोणापुढे अडून उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून गुरुजींनी हेरंबला बसण्याची खूण केली.

रेवतीने एक रेघ काढली. पुसली. दुसरी काढली. तीही पुसली...

हेरंबने घड्याळ पाहिले. चार मिनिटांत एक गणित, हा त्याच्या शिकवणीचा नियम. येथे सात मिनिटे उलटली होती. तो मोठ्याने खाकरला.

“खोकला झालाय का रे?” गुरुजींनी विचारले. “आत ज्येष्ठमध आहे.”

हेरंब वरमला. गुरुजी मात्र, रंगात आलेले गाणे ऐकावे तशा तृप्त मुद्रेने त्या मुलीकडे पाहत होते.

अकरावे मिनिट लागले. रेवतीचा हात शिरोबिंदूपाशी गेला आणि थबकला...

हेरंबला राहवेना. उठून त्याने तिच्या हातातला खडू घेतला आणि शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला. एवढेच.

“अय्या, हो की,” रेवती म्हणाली आणि दोन मिनिटांत तिने उत्तर मांडले.

एवढ्याशाच आधाराची गरज होती, असे हेरंब विनयाने म्हणाला. छाती मात्र फुगायची राहिली नाही.

गुरुजी उठले. त्यांनी सावकाश सगळा फळा पुसून काढला.

“काही चुकलं का?” हेरंबने विचारले.

“छे. अगदी बरोबर होतं.”

“मग पुसलंत का?”

गुरुजी प्रसन्नपणे हसले...

“हे गणित तुझं झालं, हेरंब. तिला आता दुसरं घालायला हवं.”